तळ्याकडची पेटी

९ जानेवारी १९५२

आज तळ्याच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, बैठक झाली. गावातले सगळे घरधनी होते. मामाजी, म्हणजे माझे सासरे (यापुढे मा. लिहीन, शाई वाचेल), मातामायच्या चौथऱ्यापाशी बसले अन् एकेकाच्या हातात मूठभर तांदूळ देऊन 'हो' म्हणवून घेतलं. हे दर साली होतं, तुडूम (तळ्याचं पाणी सोडायचं दार) उघडायच्या आधी. तळ्याचं पाणी धानाच्या बांध्यांत सोडायचं तर गावातल्या एकाही घराचा हात मागे राहायला नको. एक जरी मागे राहिला तरी पाणी सुटत नाही. ते ठीक. पण परवाच्या निवडणुकीतल्या मतासाठी तांदूळ?

आमच्या यांना म्हटलं, "मत म्हणजे काय पाण्याची पाळी आहे?" हे म्हणाले, "पाहू." लग्नाला इतकी वर्षं झाली, वसंता सोळाचा झाला, अजून हे पाहूनच राहिले.

ठरलं ते अपेक्षेप्रमाणे. जुन्या पक्षाला. मा. तीस साली सत्याग्रहात सरकारी जंगलातलं गवत कापून तुरुंगात गेलेले. त्याच लोकांच्या राज्यात गेल्या साली मालगुजारी (गावची जमीनदारी) गेली, यांच्या पणजोबांनी बांधलेलं तळं सरकारजमा झालं. दोन दिवस जेवले नव्हते. तरी म्हणतात, "आपलेच लोक हायेत. आपल्या लोकावर रागावावं, सोडू नये."


१० जानेवारी

मतदारांच्या यादीतून बायकांची नावं खोडली! लिहून घेणारा आला तेव्हा एकीनेही नाव सांगितलं नाही. 'नथ्थूची बायको', 'देवाजीची माय' असंच लिहून नेलं त्यानं. आता वरून हुकूम आला म्हणे, असं चालत नाही. मी तेव्हाच माझं नाव खणखणीत सांगितलं होतं. फुलचूरचं माहेर, गोंदियाच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, त्यात लाजायचं काय? मा. तेव्हा माझ्यावर चिडले होते. आज मात्र म्हणाले, "चला, घरातलं एक मत वाढलं."

शेजारची शेवंता (नथ्थूची बायको ती हीच) म्हणते, "जाऊ द्या ना वो बाई. आमच्या यायनं तांदूळ घेतलेच ना हातात. घर एक, मत एक."

डोकं उठलं माझं.

संध्याकाळी मा. शाळेत जाऊन पेट्या पाहून आले. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, वर चित्र चिकटवलेलं. चार पेट्या बाकावर एका ओळीत. जुन्या पक्षाची तळ्याकडच्या टोकाला. झालं, गावात निरोप फिरला: तळ्याकडची पेटी. आमच्या गावात सगळं तळ्यावरूनच सांगतात. तळ्याकडचा बैल, तळ्याकडचं घर. परवा देवाजी म्हणे त्याचा तळ्याकडचा दात दुखतो. तो वळला की दात गावाकडचा होतो, पण त्याला कोण सांगणार.


११ जानेवारी

आज मतदान.

सकाळी माणसं गेली. रांगेत, धुतलेली धोतरं नेसून, लग्नाला निघाल्यासारखी. आत जायचं, चिठ्ठी घ्यायची, पडद्यामागे टाकायची, बाहेर. मा. झाडाखाली बसून पाहत होते. कोणी चित्र पाहिलं नाही. पाहायचं कायले? बोल ठरला होता.

मी सगळ्यांत शेवटी गेले. पडद्यामागे उभी राहिले अन् पाहते तर तळ्याकडच्या टोकाला नव्या पक्षाचं चित्र. पुन्हा पाहिलं. जुन्या पक्षाची पेटी गावाकडच्या टोकाला. बाहेरच्या साहेबांनी सकाळी दारातून ऊन येतं म्हणून बाक फिरवून ठेवला होता. सगळी ओळच उलटी झाली.

अख्ख्या गावानं मत भलत्याच पेटीत टाकलं. तांदूळ हातात घेऊन.

मी काय करणार होते? आरडाओरडा करून टाकलेलं मत परत निघतं का? मी चित्र पाहून जुन्या पक्षाच्या पेटीत टाकलं. मा. ची इच्छा होती तशी. सुनेनं एकटीनं पाळली ती.

घरी आल्यावर मा. खुशीत होते. कमलला (चार वर्षांची माझी) मांडीवर घेऊन म्हणाले, "आपलं गाव म्हणजे एक बोल." मी भात उतरवायला आत गेले.


२ फेब्रुवारी

मोजणी झाली. सकाळीच गोंदियाचे वकीलसाहेब जीप घेऊन हजर. जुन्या पक्षाचे इथले मोठे. ओसरीत पाय ठेवायच्या आधीच सुरू झाले, "पाटील साहब, ये क्या किया आपने? पूरा गांव उधर! हमको एक वोट. एक!"

मी दाराआडून पाहत होते.  मा. ना काही समजेना. मग समजलं. समजलं ते मला दिसलं, कारण त्यांनी शाळेकडे पाहिलं. ओसरी लोकांनी भरलेली. नथ्थू, देवाजी, सगळे तोंडाकडे पाहून राहिलेले.

अन् मा. नाक वर करून म्हणाले, "जाणूनबुजून देल्लं. आमचं तळं घेतलं तुमी, पाळीवर एक टोपलं माती टाकली का सालभरात? आमचं गाव कोणापुढं वाकत नाही. सांगा नागपुरात जाऊन."

अगा बाप्पा! वकील गेले धूळ उडवत.  मग देवाजी म्हणाला, "पाटील, आमाले आधी सांगतलं असतं तं…" मा. म्हणाले, "आधी सांगतलं असतं तं फुटलं असतं." लगेच सगळ्यांच्या माना हलल्या. वा, काय डोकं पाटलाचं!

वसंता कोपऱ्यात उभा होता. त्याचे डोळे असे चमकताना मी कधी पाहिले नव्हते.


५ फेब्रुवारी

आता गावात एकच चर्चा. ते एक मत कोणाचं? गद्दार कोण? शेवंता विहिरीवर सांगून राहिली, सापडला तर त्याच्या बांधीत पाणी जाऊ देणार नाही. मी घागर उचलली अन् निघून आले. हसू येतं अन् भीतीही वाटते.

यांना खरं सांगितलं. यांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "बोलू नोको कोठी." पाहू म्हणाले नाहीत, एवढं नवल.


१७ ऑक्टोबर १९५३

वसंता सुट्टीत आला. गोंदियाला शिकतो, फुलचूरला माझ्या भावाकडे राहतो. म्हणतो, "माय, तिथं पोरं विचारतात, तू त्या गावचा का? न वाकणाऱ्या?" छाती फुगलेली.

ओसरीत मा. पुन्हा तीच गोष्ट सांगत होते. आता तीत भर पडली आहे. म्हणे आदल्या दिवशी संध्याकाळीच त्यांनी ठरवलं होतं, पेट्या पाहायला गेले तेव्हा. म्हणे साहेबांनाही चकवलं.

मी तिथे होते हो मामाजी. मी आत होते. पण गोष्ट ऐकताना मलाच वाटू लागतं की असंच झालं असेल.


२४ एप्रिल १९५५

वसंता मॅट्रिक झाला. पुढे शिकणार नाही म्हणतो. शेती करणार, अन् नव्या पक्षाचं काम. केशोरीपर्यंत सायकलने जाऊन सभा घेतो. मा. त्याच्याकडे पाहतात तेव्हा त्यांना अभिमान वाटतो की भीती, मला कळत नाही. बहुतेक दोन्ही.

तो जिथे जातो तिथे आजोबांपासून सुरुवात करतो. "आमचे आबाजी तीस साली तुरुंगात गेले त्याच लोकांसाठी, अन् बावन्न साली त्याच लोकांना त्यांनी जागा दाखवली." पोरं टाळ्या वाजवतात. ही पोरं बावन्नला मत द्यायच्या वयाची नव्हती. त्यांच्या बापांनी भलत्या पेटीत टाकलं, अन् या पोरांना ते जन्मापासूनचं वाटतं.


६ नोव्हेंबर १९५६

आता आपण मुंबईच्या राज्यात म्हणे. कागदावर सही झाली अन् राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. मा. म्हणतात, "ओळखीचा साहेब होता तोही गेला." पाळ पावसाळ्यात दोन ठिकाणी झिरपली. दोन अर्ज नागपूरला केले होते, आता ते कुठे शोधायचे?


३ फेब्रुवारी १९५७

पुन्हा निवडणूक. पुन्हा वकीलसाहेब. या वेळी हळू बोलले. "पाटील साहब, पुरानी बात छोडो. गांव वापस आए तो पाळ की मरम्मत मैं करवा दूंगा. जबान देता हूं."

मा. नी हो म्हटलं. चटकन. इतकी वर्षं जणू याच दिवसाची वाट पाहून राहिले होते.

मला आनंद व्हायला हवा होता. पाळ फुटली तर गाव कोरडं पडेल, दिसतंय सगळ्यांना. पण मी आधी वसंताकडे पाहिलं. तो पाण्याचा तांब्या हातात घेऊन उभा होता, तो तांब्या त्यानं खाली ठेवला अन् बाहेर गेला.


५ फेब्रुवारी

घरात आज जे झालं ते वैऱ्यावरही येऊ नये.

वसंता आता एकवीसचा झाला, त्याचं पहिलंच मत. मा. म्हणाले, पुढच्या आठवड्यात तांदूळ देणार, गाव जुन्या पक्षाला. वसंता म्हणाला, "मी नाई घेणार तांदूळ."

"काऊन?"

"तुमीच तं शिकवलं. आमचं गाव वाकत नाही, कोण म्हणे? आता पाळीसाठी वाकता?"

"तुले काय समजते रे पाळीचं? तुह्या खापरपणजानं डोक्यावर माती वाह्यली."

"म्हणूनच म्हणतो. तळं आपलं. त्यायची मेहेरबानी कायले?"

मा. च्या ओठांवर आलं होतं. मी पाहिलं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त: पोरा, ती चूक होती. ओठ हलले, अन् मिटले. वसंताला वाटलं आजोबा हरले. पाय आपटत गेला.

कमल (नऊ वर्षांची झाली आता) भिंतीला लागून रडत होती. हे गोठ्यात.


८ फेब्रुवारी

मी सुपात तांदूळ पाखडत होते. मा. आले अन् समोर बसले. माझ्यासमोर असे कधीच बसत नाहीत.

म्हणाले, "सुनबाई, तू त्या दिवशी पाह्यलं होतं ना? चित्र."

मी मान हलवली.

"ते एक मत तुहंच."

पुन्हा मान हलवली. डोळ्यांत पाणी आलं, कशाचं ते सांगता येत नाही. पाच वर्षं हा माणूस ओळखून होता!

"तू सांग त्याले," म्हणाले. "माह्या तोंडून निघत नाही. मी सांगाले बसलो की जीभ जड होते. तो मले काय समजून राह्यला, तुले ठाऊक हाय."

मी म्हटलं, "सांगितलं तर तुमच्यावरून मन उतरेल त्याचं."

"उतरू दे. पाळ फुटली तं सारंच उतरंल."

सूप खाली ठेवलं मी. हो म्हटलं. आता जीव टांगणीला लागला आहे. पोराचा सगळा कणा त्या एका गोष्टीवर उभा आहे. ती काढून घेतली तर हातात काय उरेल त्याच्या? अन् नाही सांगितलं तर म्हाताऱ्याचं काय? दोघंही माझेच. शिव्या कोणाला द्याव्या?


११ फेब्रुवारी

सांगितलं.

बांधीत लाखोळीची भाजी खुडायला गेले होते, त्याला बरोबर घेतलं. दुपार होती. सगळं सांगितलं, बाक फिरवल्यापासून. तो खाली मान घालून ऐकत राहिला, हातातली भाजी चुरगळत. मला वाटलं आता रडेल, नाहीतर ओरडेल. मी तयार होते. पदराने पुसायलाही तयार होते.

त्यानं विचारलं, "आणखी कोणाले ठाऊक?"

"तुझे बाबा, आबाजी, मी."

"बस? साहेबाले नाही?"

"त्यांना काय ठाऊक आमचं तळ्याकडचं."

तो म्हणाला, "मग माय, हे कोणाले सांगू नोको आता. मतं पडेपर्यंत तरी."

मी पाहतच राहिले. "अरे, खोटं आहे ते!"

"तेव्हा खोटं होतं. पाच साल आमी त्याच्यावर काम केलं. केशोरीपर्यंत पोरं उभी हायेत. आता कसं खोटं?"

काय बोलायचं याला? मला वाटत होतं पोरगा तुटेल. तुटला नाही. तुटला असता तर मी सावरलं असतं. हे असं कसं सावरतात, मला येत नाही.


१२ फेब्रुवारी

मा. नी विचारलं, "सांगतलं?"

"सांगितलं."

"काय म्हणे?"

मी म्हटलं, "विचार करतो म्हणे." अर्धं खरं. मा. दुपारभर ओसरीत बसले, दाराकडे तोंड करून. वसंता येऊन काही बोलेल म्हणून. तो पोरांबरोबर सायकलवर. रात्रीचा भात दोघांनीही धड खाल्ला नाही.


१४ फेब्रुवारी

पाळीवर बैठक. या वेळी बायकाही होत्या, या वेळी सगळ्यांची नावं यादीत आहेत. शेवंतानं नवं लुगडं नेसलं होतं. आम्ही पाळीच्या उतारावर बसलो.

मा. नी तांदळाची टोपली पुढे ठेवली. त्यांनी बोलायच्या आधीच वसंता उठला. चांगलं बोलतो, नाही कशाला म्हणू. "तांदूळ हातात घेऊन आपण बावन्न साली एक बोल बोललो. आबाजींनी दाखवलं गाव कसं ताठ उभं राहते. आज तेच आबाजी थकले, म्हणून आपण थकायचं का?" पोरं ओरडली. बरोबर मोठी माणसंही.

त्याला ठाऊक होतं. ठाऊक असून बोलला. माझ्या अंगाची आग आग झाली.

मा. काठी टेकून उभे राहिले.  म्हणाले, "ते खोटं हाय. बावन्न साली पेटी चुकली. बाक फिरवला होता अन् मले ठाऊक नव्हतं. मी तुमाले तळ्याकडची सांगतली. मीच चुकलो. वकिलासमोर लाज गेली असती म्हणून तसा बोललो. गड्याहो, चूक होती ती."

 केवढं बोलला हा माणूस! मला वाटलं आता संपलं, आता सगळं सरळ होईल.

अन् नथ्थू म्हणाला, "किती देल्ले वकिलानं, पाटील?"

कोणी हसलं. मग बरेच हसले. देवाजी, मा. च्या वयाचा, मान फिरवून बसला. "पाळीसाठी आमची अब्रू विकाले निघाले," कोणी तरी मागून. मा. तसेच उभे.  ज्या माणसानं खोटं सांगितलं तेव्हा अख्ख्या गावानं मान हलवली, त्यानं खरं सांगितलं तर एकानंही ऐकलं नाही!

शेवंताच उठली शेवटी. "बाई तेव्हा आत गेल्या होत्या. बाईले विचारा ना."

सगळे माझ्याकडे वळले. मी उभी राहिले.  म्हटलं, "मामाजी खरं बोलतात. मी चित्र पाहिलं होतं. जुन्या पक्षाला ते एक मत पडलं ना, ते माझं."

कुजबुज. मग नथ्थूच, "सून हाय. सासऱ्याची बाजू घेनारच. कोण पाह्यले गेल्तं तिले?"

मी वसंताकडे पाहिलं. त्याला ठाऊक होतं मी खरं बोलते, अन् लोक आता त्याचंच ऐकत होते. एक शब्द बोलायचा होता त्यानं. माझी माय खोटं बोलत नाही, एवढंच. तो जमिनीकडे पाहत राहिला.

हे उठले. सगळ्यांसमोरून चालत गेले, मा. चा हात धरला अन् म्हणाले, "चला बाबा, घरी." टोपली तिथेच राहिली. तांदूळ कोणीच घेतले नाहीत, ना म्हाताऱ्यांनी ना पोरांनी.


१५ फेब्रुवारी

मी वसंताला सकाळी अंगणात अडवलं. म्हटलं, "माझ्याकडे पाहून बोल. तुला लाज वाटली नाही?"

"वाटली."

"मग?"

"मी हो म्हटलं असतं तं सारी पोरं घरी गेली असती, माय. पाच सालाचं काम. हे एका माणसाचं नाई आता."

"अन् आबाजी? लोक त्यांना विकलेला म्हणून राहिले."

म्हणाला, "त्यायची माफी मी मागीन. मतं पडल्यावर."

मतं पडल्यावर! नाक वर, नजर समोर, ओठ मिटलेले. वकिलाच्या जीपसमोर मा. उभे होते ते तोंड. रंग माझा घेतलाय त्यानं, बाकी सगळं तिकडचं. मी हात उगारला होता. उगारलेलाच राहिला. मग आत येऊन खूप रडले, चुलीच्या धुराचं निमित्त करून.


२० फेब्रुवारी

मा. बाहेर पडत नाहीत. पाळीकडे पाठ करून बसतात. वकिलांचा माणूस आला होता, त्याला म्हणाले, "माह्या हातात गाव नाही आता." एवढंच. त्या माणसानं चहासुद्धा पूर्ण प्यायला नाही.

गावात दोन तट: पोरं नव्या पक्षाकडे, पाळीची काळजी असलेले म्हातारे जुन्याकडे. अन् मौज अशी की दोन्ही तटांना वाटतं तेच मा. च्या मूळ बोलाला धरून आहेत.


२ मार्च

मत पडलं.

या वेळी कोणाचा निरोप नाही, कोणती पेटी ते ज्यानं त्यानं पाहायचं. बायका गट करून निघाल्या. शेवंता वाटेत माझ्या कानाशी, "बाई, मी कोणाले देऊ?"

"चित्र पाहा सगळी. मग तुला वाटेल ते."

"मले काय वाटते ते मले कसं समजंल वो?"

हसले मी. मग दिवसभर तेच डोक्यात. मागच्या वेळी आत जायच्या आधी मला ठाऊक होतं कुठे टाकायचं. मा. ना हवं तिथे. आज पडद्यामागे उभी राहिले अन् चिठ्ठी हातात तशीच. एका पेटीवर सासरा, दुसरीवर पोरगा. बाहेरून साहेबांनी विचारलं, "बाई, झालं का?" झालं नव्हतं. कोणाच्या रागाने नाही, कोणाच्या लोभाने नाही, अशी जागा शोधत होते मी. चाळिशीला आलेली बाई, अन् मला काय हवं हे मी स्वतःला आजवर विचारलंच नव्हतं.

टाकलं. कुठे ते इथेही लिहीत नाही. सध्या ते फक्त माझं आहे.

मा. ना यांनी बैलगाडीत बसवून नेलं. ते आत बराच वेळ होते. बाहेर आले ते कोणाशी न बोलता.


५ मार्च

गोंदियाहून मोजणीचा निरोप अजून नाही. वसंता दोनदा स्टेशनवर जाऊन आला, छोट्या गाडीतून कोणी बातमी आणतं का पाहायला.

संध्याकाळी तो ओसरीत मा. च्या बाजेपाशी जाऊन बसला. मी चुलीपुढे, कान तिकडे. "आबाजी," म्हणाला.  मा. नी लगेच विचारलं, "पाळीवर गेल्ता का? किती झिरपून राह्यली?" तो सांगत बसला, कुठे ओल आहे, कुठे गवताची मुळं सुटली. मा. नी विचारलं, यानं सांगितलं. माफी राहिली ती राहिलीच. टाळली कोणी, मला ओळखता आलं नाही.

तेवढ्यात कमल येऊन माझ्याजवळ बसली. "माय, आपण कोणाचे वो?"

"म्हणजे?"

"अर्ध्या पोरी म्हणतात तुझा आबाजी विकला गेला. अर्ध्या म्हणतात तुमचं घर वाकत नाही. मी काय सांगू? उद्या शाळेत पुन्हा विचारतीन."

मी भात ढवळत राहिले. वसंताला मी वेळेत काही सांगितलं नव्हतं. त्यानं ओसरीवर ऐकून ऐकून घेतलं, अन् मी आत भात उतरवत राहिले. बारा वर्षांनी ही मत द्यायला जाईल. काय घेऊन जाईल आत?

चुलीतली लाकडं मागे ओढली. म्हटलं, "बस इथे, सांगते." अन् सुरुवातीपासून सांगायला लागले, पेट्यांपासून, जुना पक्ष, नवा पक्ष, आबाजींनी काय केलं, दादानं काय केलं, मी काय केलं. ती मधे मधे विचारत होती, "मग खरं कोण?" मी म्हणाले, ऐक तर आधी.

ओसरीवरचं बोलणं थांबलं. दोघांनाही ऐकू जात होतं. मी आवाज कमी केला नाही.